सकाळी दहाच्या चाचण्या

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघांनी नव्या लॅपटॉपवर आजोबांचा प्रोग्राम घ्यायचा प्रयत्न केलात आणि तो मिळाला नाही. तो गेला कुठे, असं तुम्ही व्हिडिओ कॉलवर मला विचारलंत. मी म्हणाले, लिहून कळवते. आजोबा शेजारीच बसले होते आणि त्यांच्यासमोर मला सांगता येत नव्हतं. नंतर तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत, पण कबूल केलेली गोष्ट मी टाळत नाही. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहायला घेतलं की माझा ऑफिसचा अहवाल होतो. जिथे अडाल तिथे तुमची आई वाचून दाखवेल.

प्रोग्राम लहान आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कागदांवर फसली साल असायचं. आजूर, दै, बहमन असे त्याचे बारा महिने. जमिनीच्या जुन्या दाव्यात असा कागद निघाला की त्याची आजची तारीख कोणती, यावर वकिलांचा अर्धा दिवस जायचा. आजोबांनी चाळीस वर्षं इथल्या दिवाणी कोर्टात वकिली केली आणि या तारखा ते बोटांवर मोजायचे. त्यांचे वडील कोर्टात पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशांसमोर एकेक प्रकरणाचे कागद मांडायचे. घरी ते फसली महिन्यांतच रोजनिशी लिहीत. तिच्यातल्या दोन वह्या अजून आपल्या कपाटात तपकिरी कागदात गुंडाळलेल्या आहेत.

वकिली थांबवल्यावर आजोबा घरात फार फेऱ्या मारायला लागले. काचीगुड्याचा आपला फ्लॅट केवढा, त्यात फेऱ्या कितीशा मारणार. मी एका सरकारी कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झालेली. एक दिवस मी त्यांना म्हटलं, तुमच्या बोटांवरचा हिशेब मशीनला शिकवा, शिकवायचं कसं ते मी दाखवते. त्यांना गंमत वाटली. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी जेवणाच्या टेबलावर प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. विद्यार्थी म्हणून फार कठीण होते. प्रत्येक नियमाला, हा कोणी केला आणि का केला, असं विचारायचे.

आमच्या विभागात एक पद्धत होती. ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानं तो तपासायचा नाही, आणि जो तपासणार त्यानं तो आधी वाचायचा नाही. वाचला की लिहिणाऱ्याची चूक आपल्यालाही बरोबर वाटायला लागते. घरीही तीच पद्धत ठेवू, असं मी सुचवलं. आजोबांना ती इतकी पटली की त्यांनी तिचा करारच करून टाकला. मी बाहेरून हव्या तितक्या चाचण्या घ्यायच्या, पण त्यांची फाइल उघडायची नाही. "साक्षीदाराला आमच्या कागदपत्रांत हात घालू देत नाहीत," असं म्हणायचे. तो करार मी दहा वर्षं पाळला. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या करारात आहे, आणि सुचवला मीच होता.

चाचण्या म्हणजे काय, तेही सांगते. मी छत्तीस छोटे प्रश्न लिहिले होते. अमुक इंग्रजी तारखेला फसली तारीख कोणती, असा प्रश्न प्रोग्रामला विचारायचा आणि उत्तर माझ्या कोष्टकाशी ताडून पाहायचं. हे सगळं मशीन आपोआप करतं, आपण फक्त निकाल वाचायचा. शेवटचा, छत्तिसावा प्रश्न होता, आज फसली तारीख कोणती. तो मी हौसेनं घातला होता.

तयार झालेला प्रोग्राम मी एका मोफत संगणक प्रणालीच्या संग्रहात दिला. ही प्रणाली जगभरचे लोक मिळून फुकट चालवतात. हजारो लहानमोठे प्रोग्राम प्रत्येकी एकेका पॅकेजमध्ये बांधून तिथे ठेवलेले असतात आणि ज्याला हवा तो एका ओळीची आज्ञा देऊन घेतो. पॅकेज बांधणं आणि सांभाळणं हे माझं काम. पण माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला ते थेट संग्रहात टाकता येत नाही. कोणीतरी जुना सभासद ते बघून पुढे पाठवतो. मला जे गृहस्थ मिळाले ते उत्तरेकडच्या एका थंड देशात शाळेत संगीत शिकवतात. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. दर डिसेंबरमध्ये ते त्यांच्या खिडकीबाहेरच्या बर्फाचा फोटो पाठवतात आणि मी त्यांना आपल्या गच्चीवरच्या तुळशीचा.

तुम्ही लहान असताना तुमच्या बाबांनी ती एका ओळीची आज्ञा कॅमेऱ्यासमोर दिली होती आणि तुमच्या घरच्या पडद्यावर आजची फसली तारीख उमटली होती. तुम्हाला आठवत नसेल. आजोबांनी ते तीनदा करून दाखवायला लावलं. नंतर दूधवाल्यापासून जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला सांगत होते, माझा कागद साता समुद्रापार दाखल झाला. जिंकलेल्या दाव्यांबद्दल मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या मनात एवढंच होतं की आम्ही असू नसू, तुम्ही ती ओळ लिहिलीत की तो तुमच्याकडे यावा.

दर काही महिन्यांनी संग्रहात काही ना काही बदलतं आणि पॅकेज पुन्हा बांधावं लागतं. ते मी ठरलेल्या वेळी करायची. आंघोळ, देव, चहा, पेपर, आणि दहा वाजता टेबलावर. चाचण्या चालवायच्या, छत्तीसच्या छत्तीस हिरव्या आल्या की संगीत शिक्षकांना पाठवायचं. दहा वर्षांत एकदाही लाल ओळ आली नव्हती. मला त्याचा थोडा अभिमान होता, हे कबूल करते.

आजोबांचं विसरणं हळूहळू सुरू झालं. आधी चष्मा, मग नळ, मग माणसं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि यापेक्षा फार काही नाही असं सरळ सांगितलं. काही सकाळी ते मला "अगं" म्हणून हाक मारतात, तेव्हा मला कळतं की ते घरात आहेत. काही सकाळी "तुम्ही" म्हणतात, कागद आणलेत का विचारतात, तेव्हा ते कोर्टात असतात आणि मी त्यांची ज्युनिअर असते. मी वाद घालत नाही. कागद आणलेत म्हणते.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे त्यात पहिलं पत्र आलं ते एका मशीनकडून. संग्रहात एक नवी व्यवस्था सुरू झाली होती. पूर्वी पॅकेज पाठवलं की एकदाच चाचण्या व्हायच्या. आता सगळी पॅकेजेस पुन्हा पुन्हा, कुठल्याही वेळी तपासली जाणार होती. आपल्या पॅकेजची छत्तिसावी चाचणी नापास झाली होती. मी दहा वाजता ती चालवून पाहिली. हिरवी. तसं कळवलं. आठवड्यानं पुन्हा लाल. मी पुन्हा दहाला चालवली, पुन्हा हिरवी. तिसऱ्या वेळी संगीत शिक्षकांनी त्यांच्या घरी चालवली, तीही हिरवी. मग संग्रहातल्या दुसऱ्या कोणीतरी सभ्य पण कोरड्या इंग्रजीत लिहिलं की कधी पास, कधी नापास होणारी चाचणी कुणाच्याच उपयोगाची नाही. तक्रार गंभीर म्हणून नोंदली गेली. अशी नोंद झाली की एक मुदत सुरू होते. मला पस्तीस दिवस मिळाले. तोवर दुरुस्ती झाली नाही, तर प्रणालीची जी नवी आवृत्ती निघणार होती तिच्यातून पॅकेज आपोआप वगळलं जाणार होतं. आपोआप म्हणजे खरोखर आपोआप. विनंती करायला तिथे कोणी बसलेलं नसतं.

सगळ्यात सोपा उपाय संगीत शिक्षकांनीच सुचवला होता. ती एक चाचणी काढून टाका, उरलेल्या पस्तीस आहेतच. मी त्यांना लिहिलं की ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकणाऱ्यांतली मी नाही. आज ते वाक्य आठवलं की मला स्वतःची लाज वाटते. पण तेव्हा माझ्याकडे पस्तीस दिवस होते.

मी वही घेतली. मशीन प्रत्येक चाचणीची नोंद वेळेसकट ठेवतं, पण ती वेळ जागतिक असते, आपल्या साडेपाच तास मागे. मी एकेक नोंद काढून प्रत्येकीत साडेपाच तास मिळवले आणि भारतीय वेळेचा तक्ता केला. पास निळ्या शाईत, नापास लाल. बारा दिवस त्यात गेले. तक्ता पुरा झाला. सगळ्या लाल नोंदी सकाळी साडेपाच ते साडेअकराच्या आत होत्या. म्हणजे मी टेबलावर बसून हिरव्या ओळी बघत होते नेमक्या त्याच तासांत, त्याच चाचणीला, तिकडे मशीन नापास करत होतं. मी नोंदी पुन्हा उतरवल्या, आणि तक्ता पुन्हा तसाच आला.

त्याच सुमाराला नामपल्लीचं नुमाइश, म्हणजे दर हिवाळ्यातलं मोठं प्रदर्शन, सुरू झालं होतं. आजोबांना दरवर्षी तिथून पिस्ते आणायचे असतात. "जाऊ की, कायकू थांबायचं," असं रोज म्हणायचे. मी रोज उद्या म्हणायची. त्या वर्षी आम्ही गेलोच नाही.

तेराव्या दिवशी सकाळी सहा वाजले होते, बाहेर अंधारच होता. आजोबा नेहमीसारखे लवकर उठून स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. मी चहा ठेवला. फ्रिजशेजारी औषधाच्या दुकानातून मिळालेलं, रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे. मी सहज पान फाडायला हात वर केला आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"अगं, सूर्य कुठे उगवलाय? अजून कालचंच चाललंय."

मी म्हटलं, तारीख रात्री बारालाच बदलली. ते हसले. म्हणाले, "तुमच्या कारखान्यात बदलत असेल. आमच्याकडे बाबा दिवा मालवून बाहेर बघायचे, मग नवी तारीख घालायचे."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तशीच टेबलाकडे गेले. वहीतला तक्ता उघडला आणि प्रत्येक लाल नोंदीतून मीच मिळवलेले साडेपाच तास पुन्हा वजा केले. ते मशीन स्वतःचं घड्याळ बघतं, माझं नाही. त्याच्या घड्याळात सगळ्या नापास नोंदी मध्यरात्र ते सकाळचे सहा, एवढ्यातच होत्या. एकही बाहेर नाही.

म्हणजे आजोबांच्या प्रोग्राममध्ये दिवस सकाळी सुरू होत होता आणि माझ्या चाचणीत रात्री बाराला. प्रोग्राम लिहिताना मला विचारावं असं त्यांना वाटलं नाही, कारण दिवस सूर्याबरोबर सुरू होतो हे त्यांना विचारण्यासारखं वाटलंच नसणार. चाचणी लिहिताना मलाही नाही वाटलं, त्याच कारणानं. आणि दहा वर्षं मी ती दर वेळी सकाळी दहाला चालवत आले. एकदाही पहाटे नाही. मी थोडी कमी शिस्तीची असते, तर पहिल्याच वर्षी कळलं असतं, तेव्हा त्यांना विचारलं असतं आणि त्यांनी तासभर कायदा ऐकवला असता.

आता खात्री करायला फाइल उघडणं भाग होतं. कराराप्रमाणे मी परवानगी मागितली. त्या दिवशी दुपारी ते कोर्टात होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मूळ कागद बाहेर मिळणार नाही. रीतसर नक्कल घ्या." मी नक्कल काढली आणि ती उघडली.

फाइल नीटनेटकी होती, माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी. प्रत्येक भागावर त्यांनी मशीननं वाचायच्या नाहीत अशा टिपा लिहिल्या होत्या, वकिली इंग्रजीत. हवी ती जागा लगेच सापडली. तिच्यावर जी टीप होती ती मराठीत सांगते. दिवस सूर्योदयापासून धरला आहे. सूर्योदय सर्वत्र सहाला मानला आहे. वडिलांच्या रोजनिशीवरून. कायद्यातला आधार पाहणे बाकी.

ती शेवटची ओळ मी बराच वेळ बघत राहिले. चूक सापडली की ती दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात, असं मी माझ्या विभागातल्या मुलींना सांगायची. इथे पाच मिनिटंच लागणार होती, पण कोणाचं दुरुस्त करायचं, त्यांचं की माझं, ते मला माहीत नव्हतं. पणजोबांची रोजनिशी ही घरातली वही. सरकारी दस्तावर पहाटे चारला सही झाली तर कारकून कोणती तारीख घालत असेल? पहाटे चारला सही कोण करतं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण प्रोग्राम चुकीचं सांगत असेल आणि ते माहीत असून मी तो तसाच पुढे पाठवला, तर इतकी वर्षं मी काय तपासत होते?

हे जाणणारा एकच माणूस मला माहीत होता आणि तो पलीकडच्या खोलीत होता.

मी ठरवलं की निकाल त्यांनीच द्यायचा. रोज सकाळी चहानंतर, ते "अगं" म्हणाले की मी विचारायची. पहिल्या दिवशी त्यांनी प्रश्न ऐकला आणि खिडकीतून रेल्वेकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या वडिलांच्या टोपीबद्दल सांगितलं. मी प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं घालून पाहिला, सोपा करून, कागदावर लिहून. काही दिवशी "अगं" येतच नसे. मी मुदतीच्या दिवसांवर कॅलेंडरात बारीक टिंबं करत होते आणि पान फाडायला उजाडायची वाट बघत होते.

मधल्या एका दिवशी शेजारच्या ताईंना आजोबांपाशी बसवून मी अफझलगंजच्या ग्रंथालयात गेले. जुनी कोष्टकं निघाली. महिने होते, त्यांचे दिवस होते, इंग्रजी तारखांशी मेळ होता. दिवस किती वाजता सुरू होतो, हे मला त्यांत कुठे सापडलं नाही. ज्यांनी ती कोष्टकं केली त्यांनाही ते लिहिण्यासारखं वाटलं नसावं. संध्याकाळी परत आले तर आजोबा दारात उभे होते. इतका उशीर का झाला म्हणून रागावले, आणि मला इतकं बरं वाटलं की मी जिन्यातच थांबले.

मुदतीला चार दिवस उरले होते तेव्हाची सकाळ. ते स्वच्छ दाढी करून बसले होते, डोळ्यांत पूर्वीसारखी धार होती. मी वही आणि पेन्सिल घेऊन समोर बसले आणि विचारलं, "फसली सालात दिवस केव्हा सुरू धरायचा? मध्यरात्री की सूर्योदयाला?"

ते म्हणाले, "कुठल्या कामासाठी?"

अडीच आठवड्यांत पहिल्यांदा ते प्रश्नाच्या आत शिरले होते.

"म्हणजे?"

"रोजनिशीत की दस्तावर? दोन्ही एक नाही."

"दस्तावर," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. कोर्टात बोलायला उठण्याआधी ते हेच करायचे. मी पेन्सिल कागदावर टेकवली. ते म्हणाले, "दस्तावर असं आहे की..." आणि थांबले. खाली काचीगुडा स्टेशनात गाडी लागत होती, तिचा आवाज आला आणि गेला. त्यांनी माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी आदबीनं विचारलं, "तुमचा चहा झाला का?"

मी म्हणाले, झाला.

त्यानंतर मी विचारलं नाही. पुढचे दोन दिवस मी जे केलं ते तुम्हाला सांगायला आवडत नाही, पण सांगते. मी चाचणीतला प्रश्न बदलला. आज तारीख कोणती असं न विचारता, अमुक दिवशी दुपारी बारा वाजता तारीख कोणती, असं विचारलं. दुपारी बाराला आमचं दोघांचंही उत्तर एकच येतं. चाचणी कुठल्याही घड्याळावर, कुठल्याही वेळी पास झाली. प्रोग्रामला मी हात लावला नाही. माहितीच्या पानावर एक वाक्य घातलं की हा प्रोग्राम सकाळी सहापूर्वी आदल्या दिवसाची तारीख देतो आणि याला आधार शोधलेला नाही. थर्मामीटर मी फेकला नाही. ताप नसेल त्याच वेळी तो लावायचा, असं ठरवलं. ते पाठवताना दुपारचे तीन वाजले होते, मुदतीला दोन दिवस होते.

संगीत शिक्षकांचं उत्तर आलं नाही. ते मुलांचा वाद्यवृंद घेऊन परगावी गेले होते. तसं त्यांनी महिनाभर आधी मला लिहिलं होतं आणि मी माझ्याच वहीत ते लिहून ठेवलं होतं. वेगळ्या पानावर. संग्रहात दुसऱ्या कोणालाही विनंती करता आली असती. शंभर जण असतात, आणि अशा वेळी कोणीही करतं, हे मला नंतर कळलं. पण माझा जन्म योग्य मार्गानं अर्ज करण्यात गेलेला. ज्यांच्याकडे कागद द्यायचा त्यांच्याकडे दिला आणि वाट बघितली.

पस्तिसाव्या दिवशी मशीनचं दोन ओळींचं पत्र आलं. संगीत शिक्षक दुसऱ्या दिवशी परतले, त्यांनी त्याच संध्याकाळी दुरुस्ती पुढे पाठवली, पण त्या आठवड्यात नव्या आवृत्तीचं दार बंद झालं होतं. एकदा ते बंद झालं की गळलेलं पॅकेज परत आत घेत नाहीत. पुढची आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते. त्यांनी मला फार वाईट वाटून लिहिलं, शंभरदा माफी मागितली. मी लिहिलं की चूक त्यांची नाही. खरंच नव्हती. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मी एका उत्तराची वाट बघण्यात घालवले होते आणि दुपारी बाराची युक्ती मला फाइल उघडली त्याच दिवशी सुचली होती.

आजोबांना मी सांगितलं नाही. घरच्या संगणकावर प्रोग्राम आहे, त्यांना रोजची तारीख मिळते, मग कशाला, असा विचार केला. मग उन्हाळ्यात तुमचा फोन आला. तुम्ही कौतुकानं नवा लॅपटॉप दाखवलात आणि धाकटा म्हणाला, "आजी, नॉट फाउंड म्हणतंय. आजोबांचं अ‍ॅप गॉन आहे का?" मी काहीतरी सारवासारव केली आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. मला वाटलं, आजोबांच्या लक्षात आलं नसावं. मग त्यांनी विचारलं, "फेटाळला का?"

मी म्हटलं, नाही, तहकूब आहे.

"कधीपर्यंत?"

"दोन वर्षं तरी."

ते चक्क हसले. "दिवाणीत एवढं चालतंच. तू कशाला परेशान होतेस?"

मला "तू" म्हणाले. मी उठून उगाच पडदे नीट करायला गेले. दोन वर्षं त्यांना थोडी वाटली. डॉक्टरांनी मला काय सांगितलं आहे ते त्यांना माहीत नाही, किंवा तेही ते विसरले आहेत.

पुढच्या आवृत्तीसाठी पॅकेज रांगेत आहे. मी ते अजूनही सकाळी दहाला तपासते, ती सवय आता जात नाही, पण पहाटेही एकदा चालवते. तेव्हा आजोबा स्टुलावर असतात. समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर ऊन आलं की ते मान हलवतात आणि मी पान फाडते. प्रश्न मी आता विचारत नाही. वही मात्र जवळ ठेवते.

या पत्रासोबत तुमच्या आईकडे प्रोग्रामची एक प्रत पाठवते आहे. ती चालवायला संग्रह लागत नाही, बाबा दाखवतील. छत्तीस चाचण्या सोबत आहेत आणि सगळ्या पास होतील. सकाळी सहाच्या आत चालवलात तर प्रोग्राम तुम्हाला कालची तारीख सांगेल. ती चूक आहे की नाही, मला माहीत नाही.